सुतकातला रेडिओ

आमच्या घरी रेडिओ आला आणि थेट चुलीच्या खोलीत राहिला. दुसरी जागाच नव्हती. ओसरीवर भाताची पोती, माजघरात देव, आणि चुलीच्या खोलीत फणसाच्या लाकडाची एक लांब फळी. त्या फळीवर एका टोकाला मिठाचं मडकं, दुसऱ्या टोकाला सुक्या मासळीची टोपली, आणि मधोमध रेडिओ. बाबा धरणाच्या कामावर दगड फोडायला जात होते तेव्हा तिथल्या एका ओव्हरसियरची बदली झाली. सामान ट्रकात चढवताना जे नको ते त्याने मजुरांना वाटून टाकलं, त्यात बाबांच्या वाट्याला रेडिओ आला. त्याचं स्टेशन बदलायचं बटण तुटलेलं होतं, नुसती लोखंडाची काडी बाहेर आली होती. आये तो बघून म्हणाली, "धर्माची गाय आन् दात का गं न्हाय." पण तिनेच आपल्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून त्याला झाकण शिवलं, आणि त्या झाकणाला मासळीचा वास लागू नये म्हणून टोपली दोनदा हलवून बघितली. वास लागायचा तो लागलाच. आमच्याकडच्या बातम्यांना कायम सुक्या बांगड्याचा वास असे.

संध्याकाळी पेज चुलीवर चढली की बाबा हात धुऊन यायचे, झाकण काढायचे आणि ती काडी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून फिरवायचे. इतकी हळू फिरवायचे की बघणाऱ्याला वाटावं, हात नुसता टेकलाय. आधी कानडी बातम्या यायच्या, मग कुठलं तरी कोकणी गाणं त्यांच्यावर चढायचं, मग दोन्ही खाली जायची आणि तिसरीच कुठली भाषा यायची. ती कुठल्या मुलखाची हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मधे सगळीकडे खरखर. आये त्या खरखरीला म्हणायची, "पेज उतू चाललीया बगा तुमच्या पेटीत." मग बाबा अर्ध्या केसाइतकी काडी मागे घ्यायचे, आणि खरखरीतून माणसाचा आवाज वर यायचा. तम्मा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, तोंड उघडं टाकून बसायचा. कुळथाचं सार, पेज, भाजलेला बांगडा आणि तो अर्धामुर्धा आवाज, एवढं आमचं संध्याकाळचं जेवण.

आता माझ्या हातात फोन असतो आणि नातू मला सांगतो, आज्जी, हा आवाज डिजिटल आहे, अगदी स्वच्छ. स्वच्छ आहे खरा. पण तो एक तर येतो, नाहीतर येतच नाही. गावी गेलं की रेंज फक्त देवळाच्या चढावर मिळते. तिथून दोन पावलं खाली उतरलं की बोलणारा माणूस वाक्याच्या मध्यात तुटतो आणि पुढे काही नाही, खरखरसुद्धा नाही. आमच्या रेडिओत आवाज असा तुटत नसे, तो लांब जायचा. लांब गेलेल्या आवाजाला बाबा चिमटीने परत ओढून आणायचे. नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, म्हणजे क्वालिटी वाईट होती. मी म्हटलं, होती बाबा.

माझी आये गायची. बैठकीत नाही, देवळात नाही, कामावर. लावणीला चिखलात उतरली की, जात्यावर बसली की, उखळावर उभी राहिली की तिचं तोंड उघडायचं आणि काम संपलं की मिटायचं. तिचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. तिथली माणसं पांगली, कुणी रामनगराकडे आली, कुणी आणखी कुठे, आणि तिथल्या बायकांची गाणी आमच्या वाडीत एकट्या आयेकडे उरली. वाडीतल्या बायकांना त्यातलं अर्धं कळायचं नाही. त्या म्हणायच्या, "गोपी, ह्ये कुटलं गो?" आये म्हणायची, "पान्यातलं." तिला त्यात फार दुःख वाटत असावं असं मला तेव्हा वाटत नव्हतं. ती ते कंद सोलता सोलता सांगायची, आणि पुढच्या क्षणी तम्माला चुलीपासून लांब बस म्हणून ओरडायची.

आमच्या शाळेचे गुरुजी खानापूरकडचे होते. त्यांच्याकडेही रेडिओ होता, आमच्यापेक्षा चांगला, सगळी बटणं असलेला. त्यांनीच कुणाला तरी आयेबद्दल कळवलं असणार, कारण एक दिवस जीपमधून रेडिओ केंद्राची दोन माणसं वाडीत उतरली. त्यांच्याकडे एक जड पेटी होती. ती उघडली की आत दोन चाकं, आणि एका चाकावरची तपकिरी फीत दुसऱ्या चाकावर जायची. कानाला झाकणं लावलेला एक उंच माणूस त्या पेटीपाशी बसला. वाडीतल्या बायकांना अंगणात ओळीने बसवलं, त्यांच्यापुढे माइक ठेवला. आये मधे. सगळ्या लाजून एकमेकींच्या पाठीमागे सरकत होत्या. "बोला आई, म्हणा," उंच माणूस म्हणाला. आयेने तोंड उघडलं आणि परत मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मग ती म्हणाली, "हात रिकामा आसला की गानं येत न्हाई मला."

यात तिचं काही नाटक नव्हतं. मग जातं आणलं. आये दळायला बसली आणि लगेच गाणं आलं, पण उंच माणसाने हात वर केला. घरघर फार येते म्हणाला. उखळ आणलं तर पेटीतला काटा उड्या मारायला लागला. मग सूप आणलं, त्यात तांदूळ घातले. त्याची सरसर त्याला नको होती. शेवटी तो म्हणाला, "आई, सूप रिकामंच पाखडा की. हात हलल्याशी कारण." रिकामं जातं फिरवू नये, रिकामं सूप पाखडू नये, हे आमच्याकडे पोरीला चालायच्या आधी कळतं. ओळीतली एकजण हळूच म्हणाली, मूठभर भात तरी टाक गो. आयेने उंच माणसाकडे बघितलं, सुपाकडे बघितलं आणि ती हसली. "रिकामं सूप पाखडनारी बाई बगून घ्या आज," असं म्हणून तिने सूप हातात घेतलं आणि पाखडायला लागली. त्या रिकाम्या सुपावर तिने सगळं गाणं म्हटलं. मी बाजूला तम्माचं तोंड दाबून उभी होते, कारण कुणीही बोलायचं नाही असा हुकूम होता.

झाल्यावर उंच माणसाने फीत मागे फिरवली आणि कानाची झाकणं आयेच्या कानांवर ठेवली. तिने डोळे मोठे केले. थोडा वेळ ऐकलं, आणि मग मोठ्याने, आपण किती मोठ्याने बोलतोय हे न कळून, म्हणाली, "ही तर माजी आये गातीया!" सगळं अंगण हसलं. उंच माणूस म्हणाला, तुमचाच आवाज आहे आई. ती मान हलवत राहिली. पुढे मला हे कळलं की आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकायची सवय नसते, म्हणून तो परका वाटतो. मी स्वतःचा आवाज पहिल्यांदा मोबाइलवर ऐकला तेव्हा मलाही तो दुसऱ्याच कुणाचा वाटला, पण आयेचा वाटला नाही. मी फार लक्ष देऊन ऐकलं होतं.

कार्यक्रम कधी लागणार याचा निरोप पुढे गुरुजींनी आणला. बुधवारी, कानडी बातम्या संपल्या की. आयेने तो बुधवार गावभर केला. एरवी कुणाशी फार न बोलणारी बाई, पण रामनगरच्या बाजारात कंद विकायला गेली तेव्हा स्टँडजवळच्या शांतव्वाच्या हाटेलात उभी राहून तिने ते सांगितलं. मी सोबत होते. शांतव्वा कानडी बाई, पण मराठी आमच्यापेक्षा जास्त बोलायची. "मी लावतो बग रेडिओ, टरकवाल्यांनाबी ऐकवतो," ती म्हणाली. परतताना बसमध्ये आये मला म्हणाली, "आपन त्या दिवशी पेज लौकर करूया. मला आयकायचं हाय चुलीम्होरनं उठून." बाबांनी नवे सेल आणले आणि जुने उन्हात तापवून परत घालायची काटकसर त्या वेळी केली नाही.

मग ताप आला. आमच्याकडे उन्हाळ्यात रानातून तो ताप येतो, गोचिडी चावल्या की येतो, त्या वर्षी वाडीत चौघांना आला होता. तिघे उठले. आये उठली नाही. बाबांनी आणि काकांनी तिला कांबळ्यात घालून रस्त्यापर्यंत नेलं, लाकडं भरलेला एक ट्रक थांबला, आणि रामनगरचा दवाखाना यायच्या आधी ट्रक परत फिरला. मी घरी होते. ट्रक परत येताना ऐकू आला, कारण चढावर त्याचा आवाज बदलतो. मी चुलीवरची पेज उतरवली, कारण ती लागत होती. हे मला स्पष्ट आठवतं. रडल्याचं आठवत नाही. बायका येऊन माझ्या गळ्यात पडल्या, त्यांच्या अंगाचा घाम मला लागला, आणि मला काहीच वाटलं नाही. आतून कुणीतरी सगळे सेल काढून घेतल्यासारखं झालं होतं. लोक म्हणाले, पोरगी धीराची आहे. धीरबीर काही नव्हतं.

सुतकात घरात रेडिओ लावायचा नाही, हे कुणी सांगायला लागत नाही. बाबांनी त्याच दिवशी आयेने शिवलेलं झाकण त्याच्यावर घट्ट ओढलं. मागच्या अंगणात बायका कुजबुजायच्या, रिकामं सूप पाखडलं, मग काय व्हायाचं. मी भांडी घासत ते ऐकायची. ताप काही सूप बघून येत नाही, हे तेव्हाही मला कळत होतं; पण कुणाशी भांडावं एवढं अंगात उरलं नव्हतं. सगळं मी केलं. पाणी आणलं, तम्माला जेवू घातलं, गाई सोडल्या. मीठ घालायला विसरायची, आणि कुणी तसं म्हणायचंही नाही. बुधवार कुठला हे माझ्या लक्षातून गेलं होतं. बाबांच्या लक्षात होतं की नाही, मला कळलं नाही. ते दिवसभर ओसरीच्या खांबाला टेकून बसायचे.

लक्षात होतं ते गुरुजींच्या. सुतक फिटायला दोनतीन दिवस राहिले होते, तेव्हा ते सकाळीच अंगणात आले आणि उभ्यानेच म्हणाले, "आज बुधवार आहे." बाबांनी वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. ओसरीवर बुदवंत अज्जा बसला होता. बुदवंत म्हणजे आमच्या वाडीचा मानकरी, लग्नापासून मर्तिकापर्यंत सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. आयेला तो लेक म्हणायचा. त्याने विचारलं, "बुदवार हाय तर काय?" गुरुजींनी सांगितलं. आज तिचं गाणं लागणार आहे. सुतक आहे हे मला माहीत आहे, पण एवढं एक ऐकू द्या पोरांना.

अज्जा बराच वेळ पान चघळत राहिला. रागावला नव्हता, तो विचार करत होता. मग म्हणाला, "गोपी आजून घरात हाय, गुरुजी. दिवस घालीस्तवर ती उंबऱ्याच्या आतच आसती. त्या पेटीतनं तिचाच आवाज तिच्या कानावर पडला तर ती काय समजंल? म्हनंल, मी तर गायलीया, म्हंजे मी हाय. मग ती वाट कशी धरंल?"

"अज्जा, तो आवाज फितीतला आहे. तेव्हाचा आहे."

"तिला कसं कळावं तेवाचा हाय का आताचा हाय? जित्तेपनी कानाला लावलं तवाबी तिला वळखाय आला न्हाई."

गुरुजी म्हणाले, "मग शाळेत लावतो. बारीक आवाजात. पोरं दाराशी उभी राहतील. एकदाच लागणार आहे हे, परत लावतील याचा काही नेम नाही."

"तीबी एकदाच मेलीया," अज्जा म्हणाला. "वाट चुकली तर तिला परत कोन दावायचं? आन् शाळा काय लांब हाय? हितं खोकलं तर तितं आयकू येतंय." मग तो बाबांकडे वळला. "तुजी बायको. तू सांग. तू लाव म्हनशील तर मी उटून जातो, न्हाई बगत." त्याचा आवाज दमदाटीचा नव्हता. खरंच विचारत होता.

मी दारात उभी होते. मला ऐकायचं होतं, एवढं एकच त्या दिवसांत मला हवं होतं असं म्हणता येईल. आयेचा आवाज घरात पुन्हा एकदा यावा, लांबून आला तरी चालेल, खरखरीतून आला तरी चालेल. बाबांनी माझ्याकडे बघितलं असतं तर मी बोलले असते. ते बघत नव्हते. ते म्हणाले, "तिची वाट चुकाय नको." एवढंच. गुरुजी म्हणाले, "मग मीही लावणार नाही." आणि गेले. आज माझ्या ओळखीच्या शिकलेल्या माणसांना हे सांगितलं की ती अज्जावर चिडतात. मला चिडता येत नाही. त्या ओसरीवर आयेची काळजी करणारीच माणसं बसलेली होती, आणि सगळ्यांनी मिळून जे केलं ते तिच्यासाठीच केलं.

संध्याकाळ झाली. पेज मी लवकर केली. का केली कोण जाणे, हाताने केली. वाडीत सगळी भावकीच, सगळ्यांना सुतक, त्यात अज्जाने घरोघर सांगून ठेवलेलं, त्यामुळे कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नव्हतं. गुरांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या. आम्ही तिघं चुलीपाशी बसलो. फळीवर रेडिओ झाकलेला. बाबांनी त्याच्याकडे पाठ केली होती. थोड्या वेळाने माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. हात मांडीवर होता, आणि अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत हळूहळू फिरत होते, काडी फिरवतात तसे, मधेच थांबत, अर्ध्या केसाइतके मागे येत. त्यांना ते कळत नव्हतं. तम्माने विचारलं, "आता लागलं आसंल काय गो?" मी म्हटलं, जेव. तो जेवला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं, "आता सपलं आसंल?" या वेळी बाबा म्हणाले, "सपलं." त्यांचा हात थांबला होता. मी भांडी उचलली आणि मागच्या अंगणात नेऊन घासली. भांडं घासताना मी कान देऊन होते, की कुठून तरी, गुरुजींच्या घरातून, रस्त्यावरच्या एखाद्या गाडीतून, चुकून आवाज येईल. आला नाही. सगळ्यांनी दिलेला शब्द पाळला होता.

मागच्या वर्षी नातवाने इंटरनेटवरून कुणाकुणाला लिहून चौकशी केली. जुन्या फिती आता सगळ्या कॉम्प्युटरवर घेतात, त्यात आज्जीच्या आईचं गाणं असेल म्हणाला. रेडिओ केंद्रातून उत्तर आलं, भल्या माणसाने सविस्तर दिलं होतं. त्या काळी फीत महाग, म्हणून एक कार्यक्रम लागून गेला की तीच फीत पुसून तिच्यावर दुसरा घेत. मोठ्या गवयांच्या तेवढ्या ठेवत. नातवाला फार वाईट वाटलं. मी बरं म्हटलं आणि भाजी निवडायला घेतली. त्याला वाटलं मी ऐकलंच नाही.

तर, त्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी काकांबरोबर मला रामनगरला जावं लागलं. दिवस घालायचे म्हणजे गूळ, नारळ, डाळ, पानं, सगळं आणायचं, आणि काय किती लागतं हे घरात आता मलाच ठाऊक असायला हवं होतं. काका दुकानात गेले. मी स्टँडजवळ पिशवी घेऊन उभी राहिले, रस्त्याच्या कडेला, कुणाला शिवणार नाही अशी. ट्रक येत होते, जात होते, गोव्याच्या बसचा कंडक्टर ओरडत होता. आणि समोरच्या हाटेलातून शांतव्वाने मला बघितलं.

"अय्यय्यो, शेवंता न्हवं तू? गोपीची?" ती हात पुसत पायरीवर आली. तिचं तोंड फुललं होतं. "आयकलं गो काल! बातम्या सपल्या आन् लागलं. तुज्या आयेचं नावबी सांगितलं, गावाचंबी सांगितलं. हितं ह्ये सगळे टरकवाले बसल्याले, च्याचे गिलास हातात तसेच. एकानं तर भायर जाऊन गाडी बंद केली, इंजिनाचा आवाज येतोय म्हनून. काय आवाज गो तो. माजी सासू, मराटी एक अक्षर कळत न्हाई तिला, ती डोळं पुसत बसली." मग तिने माझ्या मागे रस्त्यावर बघितलं. "ती कुटं हाय? आली न्हाई?"

मी तोंड उघडलं. सांगायचे शब्द दोनच होते, आये गेली. ते तिथे होते, जिभेवर होते, पण त्यांना आवाज येईना. इतक्या दिवसांत कुणाला ते सांगायची वेळच आली नव्हती. भेटणाऱ्या प्रत्येकाला माझ्या आधी कळलेलं असायचं. सगळ्या जगात शांतव्वाचं हाटेल ही एकच जागा उरली होती जिथे आये अजून होती. मी नुसती मान हलवली.

"कामात आसंल," शांतव्वाच म्हणाली. "आत ये, च्या घे." सुतकात दुसऱ्याच्या चुलीचं घ्यायचं नसतं. मी नको म्हटलं. ती लाजते म्हणून हसली. "बरं, तिला सांग. म्हनावं लई ग्वाड आला आवाज. आन् येत्या बाजाराला हिकडं ये म्हनावं, परत एकदा म्हनून दाव मला. सांगशील न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. "सांगते."

काका आले, बस आली. बसमध्ये मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. मला आनंद झाला का? नाही. दुःख झालं का, तेही सांगता येत नाही. एक निरोप होता आणि तो पोचवायचा होता, एवढंच डोक्यात होतं. पाणी आणायचं असतं तसा.

दिवस घालतात त्या संध्याकाळी आमच्याकडे चुलीच्या खोलीत पान मांडतात. गेलेल्या माणसाला आवडायचं ते सगळं त्या पानावर वाढायचं, दिवा लावायचा, आणि सगळ्यांनी बाहेर येऊन दार ओढून घ्यायचं, म्हणजे ते माणूस निवांत जेवतं आणि मग वाटेला लागतं. थोरली लेक म्हणून पान मी मांडलं. भात वाढला, कुळथाचं सार वाढलं, उकडलेले कंद, एक भाजलेला बांगडा. मीठ आठवणीने घातलं. बाहेर ओसरीवर भावकी बसली होती, बुदवंत अज्जा पुढे होता. सगळे आतून निघून गेले आणि मी एकटी दिव्यापाशी राहिले. उठायला पाहिजे होतं. मी उठले नाही. मी पानासमोर उकिडवी बसून, घरातल्या माणसाशी बोलतात तशी म्हटलं, "आये, परवा तुजं गानं लागलं रेडिओवर. शांतव्वानं सांगितलंय. लई ग्वाड आलं म्हनती. टरकवाल्यांनी गाडी बंद करून आयकलं. तिची सासू रडली. येत्या बाजाराला ये म्हनलीया."

निरोप संपला. दिवा जळत होता. मला वाटलं, आता ती काय विचारेल ते मला ठाऊक आहे. तिला ट्रकवाल्यांचं काय, शांतव्वाच्या सासूचं काय. तिने सगळ्यात आधी विचारलं असतं, आन् तुमी? तुमाला कसं वाटलं? मला पानाशेजारी जमिनीवर हात टेकावा लागला.

"आमी न्हाई गं आयकलं, आये," मी म्हटलं. "आमी गप बसलो हुतो."

बाहेरून बाबांनी हाक मारली, दार ओढून घे. मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.